उत्तर आधी, प्रश्न नंतर

देशभरच्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर कुणालाही वाचता येतात. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, शिक्षणशास्त्र या विषयांतले मराठी प्रबंध मी सवड मिळेल तसे वाचत असतो. शेवटच्या प्रकरणात, शिफारशींच्या थोडं आधी, एक वाक्य ठरल्यासारखं येतं : 'संशोधनाच्या प्रारंभी मांडलेले गृहीतक सिद्ध झाले आहे.' गृहीतक म्हणजे काम सुरू करण्याआधी मांडलेलं अपेक्षित उत्तर. कुठे तीन गृहीतकं असतात, कुठे पाच. तीन असली तर तिन्ही सिद्ध होतात, पाच असली तर पाचही. माहिती उलटी निघाली, गृहीतक फसलं आणि संशोधकाला स्वतःचं मत बदलावं लागलं, असं शेवटचं प्रकरण माझ्या वाचनात फार क्वचित आलं आहे. विषय कापसाचा असो, बचत गटांचा असो की जिल्हा परिषदेच्या शाळांचा, शेवट तोच.

नोकरीसाठी केलेल्या पीएचड्या आहेत, आळस आहे, गाइडचं लक्ष नाही, असं म्हणून आपण हा विषय सोडून देतो. मला दुखणं त्याहून खोल वाटतं. मेहनत करणाऱ्या, गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरून आणणाऱ्या प्रामाणिक मुलामुलींच्या प्रबंधांतही तेच वाक्य आहे. म्हणजे प्रश्न मेहनतीचा नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आहे अशी आपली पक्की खात्री असते, त्याचा शोध आपण घेत नसतो. कागदावर त्याला काहीही म्हटलेलं असो. आणि आपली विद्यापीठं विद्यार्थ्याला दारातच हे उत्तर लिहून द्यायला सांगतात. हे बंद झालं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी मी ज्या कामाचा आधार घेतो ते एका तत्त्वचिंतक बाईंचं आहे. ते मराठीत फारसं कुणी मांडलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जेन फ्रीडमन न्यूयॉर्क विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवतात. ज्ञानमीमांसेत, म्हणजे ज्ञानाचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेत, शतकानुशतकं मुख्य प्रश्न असा राहिला की एखादी गोष्ट खरी मानायला आपल्याला कधी आधार असतो. फ्रीडमन त्याच्या एक पाऊल मागे गेल्या. मानण्याच्या आधी माणूस प्रश्नापाशी उभा असतो. त्या वेळी त्याच्या मनाची अवस्था काय असते आणि काय असायला हवी? 2013 पासून त्यांचे या विषयावरचे निबंध येत गेले. 2019 साली 'नूस' या नियतकालिकात 'इन्क्वायरी अँड बिलीफ' आला आणि 2020 साली 'फिलॉसॉफिकल रिव्ह्यू'मध्ये 'द एपिस्टेमिक अँड द झेटेटिक' (एपिस्टेमिक म्हणजे ज्ञानाविषयीचं, झेटेटिक म्हणजे शोधाविषयीचं).

त्यांचा पहिला मुद्दा असा की निर्णय राखून ठेवणं म्हणजे मनाची पाटी कोरी असणं नव्हे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, ते आठवा. पाणी नेमकं कशामुळे चढलं? सांडव्यासमोरच्या पुतळ्याच्या चौथऱ्यामुळे, नदीचं पात्र अरुंद झाल्यामुळे, की पाऊसच तेवढा पडला म्हणून? ज्याने अंबाझरीचं नावही ऐकलेलं नाही अशा माणसाचं यावर काही मत नसतं. पातळ्या, उतार आणि पावसाचे आकडे समोर घेऊन बसलेल्या अभियंत्याचंही अजून मत नसतं. पण या दोघांची अवस्था एक म्हणता येईल का? दुसऱ्याने प्रश्न हातात धरून ठेवला आहे. त्याचं लक्ष त्या प्रश्नाकडे लागलेलं आहे, नवी माहिती आली की तो ती प्रश्नाला लावून पाहतो. फ्रीडमन म्हणतात, निर्णय राखून ठेवणं ही प्रश्नाकडे वळलेली वृत्ती आहे. कुतूहल, शंका, विचारात पडणं यांच्याच कुळातली ती आहे.

दुसरा मुद्दा 2019 च्या निबंधाचा गाभा आहे. एका वेळी एकाच प्रश्नाबाबत तुम्ही शोधही घेत असाल आणि त्याचं पूर्ण उत्तर खरं मानतही असाल, तर तुमचं कुठेतरी चुकतं आहे. दोहोंपैकी एक सोडा. उत्तर मानत असाल तर शोध संपलेला आहे; शोध चालू ठेवायचा असेल तर उत्तर खाली ठेवा. इतका साधा नियम. पण तो घेऊन आपल्या विद्यापीठांत, समित्यांत, सभागृहांत हिंडलं की किती दारं अडतात ते कळतं.

हे वाचताना मला न्यायसूत्रांवरचं, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथावरचं, वात्स्यायनांचं भाष्य आठवलं. न्यायसूत्रांनी सुरुवातीलाच सोळा पदार्थ (विचाराचे विषय) मोजले आहेत आणि त्यांत प्रमाण (ज्ञानाचं साधन), प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्या पाठोपाठ तिसरं स्थान संशयाला आहे. शंकेला इतकं वरचं, मानाचं आसन का दिलं? वात्स्यायन दीड हजार वर्षांपूर्वी उत्तर देतात : 'नानुपलब्धे न निर्णीतेऽर्थे न्यायः प्रवर्तते, किं तर्हि, संशयितेऽर्थे।' ज्याची जाणीवच नाही त्या गोष्टीबद्दल न्याय, म्हणजे तर्काने केलेली तपासणी, चालत नाही, ज्याचा निर्णय झाला आहे त्याबद्दलही चालत नाही. चालतो तो जिच्याबद्दल संशय आहे तिच्याबद्दल. अंबाझरीचं नाव न ऐकलेला माणूस आणि उत्तर ठरवून बसलेला माणूस, दोघेही त्यांनी एका वाक्यात बाजूला काढले. निर्णयाचं लक्षण सांगतानाही न्यायसूत्रं पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्हींकडून विचार करून झालेलं निश्चितीकरण, असंच म्हणतात. प्रतिपक्ष उभाच केला नाही तर जे उरतं त्याला आपल्या परंपरेत निर्णय म्हणायची सोय नाही. संशोधन ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे, आपल्याकडे श्रद्धेची परंपरा, असं जे भाषणांतून सांगितलं जातं ते म्हणूनच मला पटत नाही.

आता प्रबंधाकडे येऊ. आपल्या विदर्भात ज्यावर सर्वाधिक प्रबंध लिहिले गेले असतील त्यांतला एक विषय घेतो : शेतकरी आत्महत्या. गृहीतक बहुधा असं असतं : 'शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागे कर्जबाजारीपणा हे प्रमुख कारण आहे.' कर्जाचा फास मी नाकारत नाही. यवतमाळ-अमरावतीच्या कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात ज्याने चार घरं पाहिली आहेत त्याला तो नाकारता येणारच नाही. पण संशोधन कसं होतं ते पाहा. विद्यार्थी तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातून आत्महत्याग्रस्त कुटुंबांची यादी मिळवतो. ही यादी बहुतेकदा 'पात्र' प्रकरणांची असते. पात्र कोण? शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी जे निकष आहेत त्यांत नापिकी, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा या गोष्टी पाहिल्या जातात. कुटुंबाच्या नावावर सातबारा हवा. म्हणजे कर्ज असलेलीच कुटुंबं गाळून ती यादी तयार झालेली असते. त्या यादीतली दीडशे कुटुंबं निवडायची, त्यांना 'कर्ज होते का?' असं विचारायचं, टक्केवारी काढायची आणि गृहीतक सिद्ध झालं म्हणायचं!

या यादीत मक्त्याने शेती करणारा नाही. विनापरवाना सावकाराकडून घेतलेल्या, कुठेच नोंद नसलेल्या कर्जात बुडालेला नाही. माहेरच्या किंवा सासरच्या सातबाऱ्यावर नाव नसलेली, रोज शेतात राबणारी बाई नाही. 'अपात्र' ठरलेल्या प्रकरणांचे गठ्ठे त्याच कार्यालयात पडलेले असतात. ते कुणी मागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, शेजारच्या घरातला तो शेतकरी नाही, ज्याच्यावर तेवढंच कर्ज होतं, ज्याचं बोंडअळीने तेवढंच नुकसान झालं, आणि जो जगला. तो का जगला, हे विचारल्याशिवाय कर्ज हे कारण किती मोठं आणि त्याच्या जोडीला काय काय असतं, हे कळायचा मार्ग नाही. संशोधकाला त्याच्याकडे जावंसं वाटलं नाही, कारण त्याच्या मनात प्रश्नच नव्हता. मनात पक्कं बसलेलं उत्तर फक्त शेवटचं प्रकरण बिघडवत नाही. कोणत्या दारावर टकटक करायची आणि कोणत्या नाही, हे ते पहिल्या दिवशी ठरवून टाकतं. इतक्या मरणांवर इतके प्रबंध होऊनही धोरण करणाऱ्याच्या हाती नवं फारसं काही लागत नाही, त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

विद्यार्थ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. सिनॉप्सिसचा, म्हणजे मान्यतेसाठी आधी द्यायच्या आराखड्याचा, साचा ठरलेला असतो : विषयाचं महत्त्व, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टं, गृहीतकं, संशोधन पद्धती आणि प्रकरणांची मांडणी. एकही मुलाखत झालेली नसताना सहाव्या प्रकरणात काय असणार हे लिहून द्यावं लागतं. एका बैठकीत एका मुलीने 'माझं गृहीतक अजून नाही, मला हे कसं घडतं ते पाहायचं आहे' असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. 'तयारी करून या' असं सांगून तिला परत पाठवलं गेलं. पुढच्या वेळी ती चार गृहीतकं घेऊन आली आणि मान्यता मिळाली. प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला आपण उत्तर घेऊन यायला शिकवलं. हे एखाद्या विद्यापीठापुरतं नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे माझे ओळखीचे लोक गाइड आहेत तिथून हीच गोष्ट ऐकू येते.

दरम्यान आपण दुसरीच पहारेकरी यंत्रणा उभी केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातली दहा टक्क्यांपर्यंतची साम्यं चालतात, त्यापुढे पायरीपायरीने शिक्षा आहे. वाङ्मयचौर्य थांबलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण वाक्यं चोरलेली आहेत का हे तपासायला सॉफ्टवेअर आहे आणि प्रश्न खरोखर विचारला होता का हे तपासायला काहीच नाही. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1877 मध्येच बजावलं होतं की विधानाला प्रश्नाचं रूप दिल्याने मन शोधाला लागत नाही. त्यासाठी खरी, जिवंत शंका लागते. आपल्या सिनॉप्सिसमध्ये 'समस्येचे विधान' नावाचा रकाना असतो आणि त्यात समस्या सोडून सगळं असतं.

यावर जाणकार वाचक तीन आक्षेप घेतील, आणि ते हलके नाहीत.

पहिला खुद्द न्यायपरंपरेतून येतो. चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेशांनी 'तत्त्वचिंतामणी' लिहिला. अनुमान कशाबद्दल होऊ शकतं, याची चर्चा करताना त्यांनी वात्स्यायनांची संशयाची अट सैल केली. आधी निश्चय झालेला असला तरी पुन्हा सिद्ध करून पाहण्याची इच्छा असेल तर अनुमान होऊ शकतं, असं ते म्हणतात. त्यांच्याही आधी न्यायाचे भाष्यकार वाचस्पती यांनी म्हटलं होतं की प्रत्यक्ष पाहिलेली गोष्टसुद्धा तर्करसिक अनुमानाने जाणू पाहतात. त्याच वाचस्पतींनी दुसरीकडे लिहिलं आहे की हत्ती समोर दिसत असताना त्याच्या चीत्कारावरून कुणी हत्तीचं अनुमान करत नाही. दोन्ही वाक्यं एकाच लेखणीतून आलेली आहेत आणि दोन्ही खरी वाटतात. आजच्या तत्त्वज्ञांच्या चर्चेतही असंच घडलं. घराबाहेर पडताना गॅस बंद केल्याची खात्री असूनही माणूस परत जाऊन पाहतो. यात गैर काय, असा प्रश्न एलिस वुडार्ड यांनी फ्रीडमनना विचारला. एरियाना फाल्बो यांनी म्हटलं की ज्ञान असतानाही ते अधिक पक्कं, अधिक चांगलं करण्यासाठी शोध चालू राहू शकतो.

मला हे आक्षेप मान्य आहेत, आणि माझ्या म्हणण्याला ते आड येत नाहीत. गॅस पाहायला परत जाणारा माणूस बटण चालू दिसलं तर ते बंद करतो. 'मी बंद केल्याचं आधीच ठरलं आहे' असं म्हणून तो चालू बटणाकडे पाठ फिरवत नाही. त्याची खात्री त्या तपासणीपुरती पणाला लागलेली असते. वाचस्पतींचा तर्करसिकसुद्धा हेतू (अनुमानाला दिलेलं कारण) सदोष निघाला तर ते मान्य करायला बांधलेला आहे. हेत्वाभासांची, म्हणजे सदोष हेतूंची, अख्खी चर्चा त्यासाठीच आहे. फ्रीडमन यांचा नियम शब्दशः पाळायचा की थोडा सैल करायचा, यावर तत्त्वज्ञ भांडत राहोत. आपल्याला पुरेल इतकं त्यांत एकमत आहे : जिथे उलट उत्तर निघायला जागाच ठेवलेली नाही, तिथे तपासणी झालेली नाही.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या प्राध्यापकांचा. गृहीतक म्हणजे श्रद्धा नव्हे, गृहीतकाशिवाय विज्ञान चालत नाही. अगदी बरोबर. केप्लरने मंगळाच्या कक्षेसाठी वर्षानुवर्षं खपून एक मांडणी तयार केली. टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी ती बरीचशी जुळली, पण एका ठिकाणी फरक आठ कलांपर्यंत गेला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग. दुसऱ्या कुणी तो निरीक्षणातला दोष म्हणून सोडून दिला असता. केप्लरने मांडणी मोडली, पुन्हा सुरुवात केली, आणि 1609 च्या 'अॅस्ट्रोनोमिया नोव्हा'त मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा मांडली. त्या आठ कलांनीच खगोलशास्त्राच्या सुधारणेचा रस्ता दाखवला, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. हे खरं गृहीतक : ज्याला मोडता येतं आणि मोडल्यावर ज्याचा मालक पुढे सरकतो. आपल्या प्रबंधांतलं गृहीतक मोडलं तर विद्यार्थ्याला वाटतं पदवी गेली. दोन्हींना एकच नाव दिल्याने ती एक होत नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. दलित, आदिवासी, स्त्रिया, शेतकरी यांच्यावर संशोधन करणारा विद्यार्थी पुष्कळदा त्याच घरातून आलेला असतो. त्याने अन्याय भोगलेला आहे. त्याने निर्णय राखून ठेवायचा म्हणजे स्वतःच्या अनुभवाशी बेइमानी करायची का? तटस्थतेचा उपदेश नेहमी सोसणाऱ्यालाच का?

याचं उत्तर याच नागपूर शहरात आहे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. तो प्रश्न त्यांच्यापुरता मिटला होता आणि मिटला आहे असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्याची चौकशी चालू असल्याचं सोंग त्यांनी कधी आणलं नाही. पण जायचं कुठे, हा दुसरा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला, आणि तोही बंद खोलीत नव्हे, लाखो लोकांच्या देखत. शीख धर्माचा त्यांनी गांभीर्याने विचार केला. बुद्धाकडे त्यांचा कल जुना होता; मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं आणि दादरच्या घराचं नाव त्यांनी 'राजगृह' ठेवलं होतं. कल होता, पण कल म्हणजे निश्चय नव्हे, हे त्यांच्याइतकं फार थोड्यांनी आचरून दाखवलं. त्यांनी धर्मग्रंथ वाचले, श्रीलंका आणि ब्रह्मदेशात जाऊन बौद्ध समाज डोळ्यांनी पाहिला, 1950 साली बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहून कसोट्या मांडल्या. शेवटी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी भाषण करून या निर्णयाची आणि नागपूर निवडण्याची कारणं लोकांपुढे ठेवली.

एकवीस वर्षं! अनुयायांचा दबाव होता, विरोधकांची चेष्टा होती, राजकारणाची घाई होती, स्वतःचं शरीर साथ सोडत होतं. तरी पहिल्या प्रश्नाच्या रागाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी ठरवू दिलं नाही. ज्याचा निर्णय झाला ते बोलून दाखवायचं, ज्याचा झाला नाही त्याचा खरा शोध घ्यायचा आणि दोहोंची सरमिसळ होऊ द्यायची नाही. फ्रीडमन यांचा नियम प्रश्नागणिक लागतो, माणसागणिक नाही, हे मला त्यांच्या निबंधापेक्षा या एकवीस वर्षांवरून जास्त नीट समजलं. तेव्हा जातीचा अन्याय भोगलेल्या विद्यार्थ्याने अन्याय होतो की नाही याची खोटी चौकशी करायची काहीच गरज नाही. ते त्याने प्रस्तावनेत ठाम लिहावं. त्यापुढचे कितीतरी प्रश्न खरे उघडे आहेत : वसतिगृहातून मुलं कधी आणि का गळतात, फाइल नेमक्या कोणत्या टेबलावर अडते, एका गावात स्मशानाचा वाद मिटला आणि दुसऱ्यात का चिघळला. सोसलेल्या माणसाला हे प्रश्न इतरांआधी दिसतात. ती त्याची ताकद आहे. चार ओळींच्या गृहीतकात ती कोंबून आपण ती वाया घालवतो.

फ्रीडमन यांच्या नियमात मात्र एक फट आहे, तीही सांगायला हवी. नियम म्हणतो, दोहोंपैकी एक सोडा. मग हट्टी माणूस आनंदाने शोध सोडेल : माझी खात्री आहे, मला तपासायचंच नाही. नियमाचा भंग नाही! 1877 मध्येच विल्यम क्लिफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञाने अशा माणसाचं चित्र काढलं होतं. एका जहाजमालकाला आपलं जुनं जहाज धोक्याचं असल्याची शंका येते. दुरुस्तीचा खर्च नको म्हणून तो शंका दाबतो, इतकी वर्षं टिकलं तसं आताही टिकेल अशी स्वतःची मनापासून समजूत घालतो, प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतात, त्याची खात्री प्रामाणिक असेलही, पण समोर असलेल्या पुराव्यावर ती बाळगायचा त्याला अधिकारच नव्हता.

म्हणून मी असं म्हणेन की घरी बसलेल्या माणसाला निवड आहे, पण ज्याच्या पदाचं कामच शोध घेणं आहे त्याला नाही. न्यायाधीशाने आधीच मत बनवलं असेल तर तो त्या प्रकरणातून बाजूला होतो. संशोधक, चौकशी अधिकारी, समितीचा अध्यक्ष यांनाही तीच मर्यादा लागू पडायला हवी. त्यांनी शोध सोडायचा पर्याय पद स्वीकारतानाच गमावलेला असतो. उरतं ते उत्तर खाली ठेवणं.

1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे होतं. डिसेंबरात सिव्हिल लाइन्स भागात राहणाऱ्यांना ते चांगलंच जाणवतं. सभागृहात प्रश्न निघतो, मंत्री उभे राहतात आणि एका दमात सांगतात की उच्चस्तरीय चौकशी केली जाईल आणि कुणाही दोषीला सोडलं जाणार नाही. सत्ताधारी बदलले, वाक्य बदललं नाही. पुढे त्याच खात्याचा अधिकारी चौकशी करतो. त्याला ठाऊक असतं की वरच्यांना कोणतं उत्तर हवं आहे. पर्यावरणाच्या जनसुनावण्या याच मुशीतून निघतात. 2006 च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या परिणामांचा मसुदा अहवाल ज्या सल्लागार संस्थेने करायचा, तिचे पैसे प्रकल्प उभारणाराच देतो. नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक केंद्रात 660 मेगावॅटचे आणखी दोन संच यावेत का, यावर 2023 साली सुनावणी झाली. राखेचं पाणी आणि धूर वर्षानुवर्षं सोसणाऱ्या गावांतली माणसं अशा सुनावणीला येतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात : ठरलं तर नाही ना आधीच? हा प्रश्न त्यांना विचारावा लागतो, यातच आपली चौकशीची रीत कुठे आली आहे ते कळतं. ज्या शहरात 1958 पासून पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, त्या शहराच्या वेशीवरच्या प्रकल्पाचा अभ्यास प्रकल्पवाल्याच्या पैशाबाहेर, वेगळ्या निधीतून व्हायला काय हरकत आहे?

पण मी सुरुवात विद्यापीठापासून करा म्हणतो, कारण उद्याचे चौकशी अधिकारी, सल्लागार आणि समितीचे सदस्य तिथूनच बाहेर पडतात. नागपूर विद्यापीठ 1923 चं, शंभरी ओलांडलेलं आहे. सिनॉप्सिसमधून 'गृहीतके' हा सक्तीचा रकाना काढून तिथे प्रश्न मागावा. त्या प्रश्नाची आज संभवणारी किमान दोन उत्तरं मागावीत, आणि प्रत्येक उत्तर खरं असेल तर गावात, दप्तरात किंवा आकड्यांत काय दिसायला हवं, ते लिहायला सांगावं. विद्यार्थ्याचा कल कुठे आहे तेही त्याने उघड लिहावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याला खरंच गृहीतक हवं आहे, त्याने ते कशाने मोडेल हे शेजारी लिहावं. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकाने एवढंच विचारावं : काम सुरू केलं तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं, आणि आता काय वाटतं? उत्तर बदललेलं नसेल तर ते टिकावं म्हणून कोणत्या कसोट्या लावल्या, ते सांगा.

गाइडांवर आधीच बोजा आहे, हे मला माहीत आहे. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. पदभरती रखडलेली, त्यामुळे एकेका विभागात दोन-दोन माणसं गाडा ओढताहेत. प्राध्यापकाच्या नोकरीसाठी पीएचडी हवी की नेट-सेट या पात्रता परीक्षा पुरे, हा नियम गेल्या काही वर्षांत इतका बदलला की मुलं धास्तावून नाव नोंदवतात. अशा मुलाला उघड्या प्रश्नाची भीती वाटणारच. उत्तर उलटं निघालं तर पाच वर्षं पाण्यात, असं त्याला वाटतं. ही भीती काढणं विद्यापीठाच्या हातात आहे. गृहीतक फसलेल्या, पण काम चोख असलेल्या प्रबंधाला तीच पदवी त्याच मानाने मिळेल, हे एका ओळीत मार्गदर्शक सूचनांमध्ये छापावं आणि पहिल्या काही वर्षांत तसे प्रबंध मुद्दाम पुढे आणून विभागात वाचायला लावावेत. युजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमावलीत सिनॉप्सिसमध्ये गृहीतक असलंच पाहिजे अशी अट नाही. हा रकाना आपल्याच समित्यांनी सवयीने चालू ठेवलेला आहे, आणि तो काढायला संशोधन मान्यता समितीची एक बैठक पुरेल.